बाईंचं ‘पुरे’

बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, चमचा होता. स्टीलचा, चहाच्या चमच्याहूनही लहान, काळ्या दोऱ्यात ओवलेला. शेजारी चष्म्याची दोरी. या दोन दोऱ्यांचा दिवसातून एकदा तरी गुंता व्हायचा आणि मग समोर जो असेल त्याला बाई तो सोडवायला लावायच्या. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी जे पहिलं काम केलं ते हेच, चमचा आणि चष्मा वेगळा करण्याचं.

मावळातल्या आमच्या भात संशोधन केंद्राच्या त्या मुख्य शास्त्रज्ञ. दारावर पदव्यांसकट लांबलचक पाटी होती, पण शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना ‘बाई’च म्हणायचे. नेदरलँड्सचे एक शास्त्रज्ञ आमच्याबरोबर काम करत. तेसुद्धा पत्रात ‘डिअर डॉक्टर बाई’ लिहायचे. त्यांना ते आडनाव वाटायचं, आणि बाईंनी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

बाईंचं एक वाक्य केंद्रात सगळ्यांना पाठ होतं: ‘आधी नाक, मग तोंड, मग मत.’ त्या कशाचाही वास घ्यायच्या. पोत्यांचा, भिजलेल्या छत्रीचा, नव्या फायलीचा. एकदा तर तपासणीला आलेल्या वरिष्ठ साहेबांच्या मफलरचा वास घेऊन म्हणाल्या, ‘ट्रंकेत ठेवताना डांबरगोळ्या जरा कमी घाला, साहेब. आमच्या नमुन्यांना वास लागतो.’ साहेबांनी मफलर गाडीत ठेवून दिला.

दुपारच्या सुट्टीत बाई प्रत्येकाच्या डब्यात चमचा घालायच्या. एकाच्या डब्यात एकच चमचा. स्वतः डबा आणायच्या नाहीत. त्यांना पोटभर जेवताना केंद्रात कुणी पाहिलेलं नव्हतं. कुणी ताट वाढलंच तर म्हणायच्या, ‘मी जेवत नाही, मी तपासते.’ आणि कौतुक? ते फक्त एकाच मापाचं मिळायचं: ‘खाण्यासारखं आहे.’ त्यावर काही नाही. आमच्या एका सहायकाच्या बायकोने पुरणपोळी पाठवली होती. तिला ‘खाण्यासारखी आहे’ हा निरोप गेला, तेव्हा ती बिचारी आठवडाभर रुसली. आम्हाला तिला समजावून सांगावं लागलं की वहिनी, हे सुवर्णपदक आहे.

माझी मुलाखत बाईंनीच घेतली. म्हणजे मंडळात आणखी साहेब होते, पण मुलाखत घेतली बाईंनी. त्या दिवशी उमेदवार फार होते. माझा नंबर येईपर्यंत जेवणाची वेळ टळून गेली. डबा पिशवीत तसाच होता. आईने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली होती, आणि बोंबील काही गुपित ठेवता येत नाही.

साहेबांनी टक्के विचारले, विषय विचारले, इंग्रजीत दोन प्रश्न केले. बाई नुसत्या माझ्या पिशवीकडे बघत होत्या.

‘डब्यात काय आहे?’

मला वाटलं, रागावल्या. ‘सॉरी मॅडम. बाहेर ठेवून येते.’

‘बाहेर कशाला? उघड.’

मी त्या चकचकीत टेबलावर डबा उघडला. एका साहेबांनी खुर्ची थोडी मागे सरकवली. बाईंनी डोळे मिटून वास घेतला, भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात टाकला. आमच्या घरचा डबा असा न बिचकता कुणी मोठ्या माणसाने उघडून खावा, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

‘भाकरी चिरली नाही. का?’

‘आई उकळत्या पाण्यात पीठ घालते, मॅडम.’

‘ते आईचं झालं. तू पदवीधर ना? पाणी उकळतं असलं की पिठाचं काय होतं?’

मग मी बोलत सुटले. पिठातला स्टार्च, त्याचं फुगणं, त्याचं चिकट होणं. पुस्तकात वाचलेलं आणि आईच्या परातीत पाहिलेलं हे एकच आहे, हे मला बोलता बोलताच कळत होतं. बाई माझं बोलणं संपेपर्यंत चमच्याने चटणी खात होत्या. मग चमचा पदराला पुसून म्हणाल्या, ‘बोंबील जरा जास्त भाजलाय. पण खाण्यासारखं आहे. सोमवारपासून ये.’

लोणावळ्याच्या बाजारातून बाई चालायला लागल्या की चिक्कीवाल्यांमध्ये निरोप पुढे जायचा, ‘चमचा आला, चमचा आला.’ बाई दुकानातल्या चिक्कीकडे बघायच्याही नाहीत. सरळ मागे जाऊन शेंगदाण्याचं पोतं उघडायच्या आणि मूठभर दाणे तळहातावर घेऊन त्यातला सुरकुतलेला, काळा पडलेला दाणा शोधायच्या.

‘बाई, एवढ्या पोत्यात एखादा दाणा वाईट निघणारच ना?’ एक दुकानदार कुरकुरला.

‘बुरशीचं विष आहे ते. भाजून जात नाही आणि गुळात लपतं. तुझी चिक्की कोण खातं?’

‘गिऱ्हाईक.’

‘आणि घरी?’

‘नातू खातो की.’

‘मग त्याच्यासाठी निवड. गिऱ्हाइकाला आपोआप चांगली मिळेल.’

पुढे तोच दुकानदार नवीन पोतं आलं की दाण्यांचा नमुना स्वतःहून केंद्रात पाठवायला लागला. सोबत चिक्कीचा पुडा असायचा. बाई दाणे ठेवून घ्यायच्या आणि पुडा परत पाठवायच्या. निरोप ठरलेला: ‘आधी तपासणी, मग लाच.’

आता ज्या गोष्टीमुळे बाई माझ्या मनात कायमच्या बसल्या, ती सांगते.

आमचा एक प्रकल्प तीन देशांचा होता. नेहमीच्या तांदळात असतं त्याहून जास्त जस्त असलेलं भाताचं नवं वाण तयार करायचं. जस्त कमी पडलं की लहान मुलांची वाढ खुंटते, पोरं सारखी आजारी पडतात. फिलिपिन्सच्या केंद्राने वाण जुळवून दिलं होतं, नेदरलँड्सची प्रयोगशाळा जस्त मोजत होती. आमच्याकडे एकच प्रश्न आला होता: मावळची माणसं हा भात आवडीने खातील का?

‘सगळ्यात सोपं काम आपल्याला आलंय,’ मी म्हणाले.

‘सगळ्यात अवघड,’ बाई म्हणाल्या. ‘जस्त मोजायला यंत्र आहे. आवड मोजायला काय आहे?’

परदेशातून त्यासाठी एक पत्रक आलं होतं. त्यावर चेहऱ्यांची रांग होती. एका टोकाला रडका चेहरा, मग जरा कमी रडका, असं करत शेवटी खदखदून हसणारा. भात चाखायचा आणि जो चेहरा पटेल त्याच्यावर खूण करायची. तीन भात चाखायला द्यायचे होते: एक आपला नेहमीचा, एक नवा, आणि एक मुद्दाम आणलेला, कुबट वास धरलेला. लोक नीट चाखताहेत की नाही हे कळावं म्हणून हा तिसरा. त्याने अपाय होणार नाही याची बाईंनी आधी तपासणी करून घेतली होती.

भाजे गावाच्या पुढे आमची वाडी आहे. माझी माणसं, माझी भाषा, म्हणून ते काम मी मागून घेतलं. वाडीतल्या बुद्धविहाराच्या सभागृहात लोकांना ओळीने बसवलं, पत्रकं वाटली, पेनं वाटली आणि शिकवल्याप्रमाणे सूचना दिल्या. सगळं शांतपणे, शिस्तीत पार पडलं. मला फार अभिमान वाटला.

पत्रकं पाहिली तर सगळ्या वाडीने तिन्ही भातांना शेवटचा, खदखदून हसणारा चेहरा दिला होता. कुबट भातालासुद्धा.

पुढच्या बैठकीत पडद्यावर नेदरलँड्सचे डॉक्टर दिसत होते. अतिशय सभ्य माणूस. त्यांनी फार हळू आवाजात विचारलं, ‘ही पत्रकं नेमकी कुणी भरली?’ खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ते पुढे म्हणाले की पुढच्या खेपेला भरवशाची माहिती मिळाली नाही, तर चाखण्याचं काम मावळातून काढून दुसरीकडे द्यावं लागेल. माझी नेमणूक त्या कामापुरतीच होती. काम गेलं की मी गेले. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. मी घरी बसून खोट्या खुणा केल्या असं त्या माणसाला वाटत होतं, आणि ‘नाही’ म्हणण्याखेरीज माझ्या हातात दुसरा पुरावा नव्हता.

बैठक संपल्यावर बाईंनी विचारलं, ‘तू भरलीस?’

‘नाही, बाई.’

‘बरं. म्हणजे वाडी खोटं बोलली. माणसं उगाच खोटं बोलत नाहीत. चल, विचारून येऊ.’

बाईंच्या स्कूटरवर मागे बसून मी वाडीत गेले. आमच्या शेजारची मावशी दारात भांडी घासत होती. बाई उंबऱ्यावर बसल्या.

‘मावशी, त्या दिवशीचा तिसरा भात कसा होता हो?’

‘झ्याक!’

‘खरं सांगा.’

‘झ्याकच की वो, बाई.’

‘मग त्यातलंच एक पोतं देते पाठवून. घरात होईल.’

मावशीच्या हातातलं भांडं खाली पडलं. ‘नगं गं बाई! त्यो कुबट भात? उंदराच्या बिळावानी वास मारत व्हता. माज्या तर घशाखाली उतरंना.’

‘अगं मावशी, मग हसऱ्या चेहऱ्यावर खूण का केलीस?’ मी जवळजवळ ओरडलेच.

मावशीने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच वेडी. ‘तुजी परीक्षा आन् आमी रडक्या तोंडावर खून करायची व्हय? समद्या वाडीत एक पोरगी यवढी शिकली. तिला आमी नापास करू?’

‘परीक्षा? कुणी सांगितलं परीक्षा?’

‘सांगाया कशाला पायजे? वळीनं बसिवलंस. कागुद दिला, पेन दिलं. शेजारच्याचं बगू नका म्हनलीस, बोलू नका म्हनलीस. परीक्षा न्हाई तर काय बारसं व्हतं? म्हातारीनंसुदिक इचारून घेतलं, पैला नंबर कंच्या तोंडाला हाय म्हून.’

बाई हसायला लागल्या. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढायला गेल्या तर चमचा त्यात अडकला, आणि तो तसाच लोंबकळत असताना त्या पुन्हा हसत सुटल्या. मला मात्र रडावं की हसावं कळेना. माझ्या प्रामाणिकपणावर संशय आला होता तो यासाठी, की सगळी वाडी मला पास करत होती.

त्या दिवशी मावशीचा जावई आला होता. ‘आता जेवूनच जावा,’ म्हणून मावशीने आम्हालाही बसवलं. बाईंनी सवयीप्रमाणे एक चमचा भात घेतला आणि बाकी वेळ त्या जावयाकडे टक लावून बघत बसल्या. तो बिचारा संकोचून गेला. मावशी भात घेऊन आली तसा तो म्हणाला, ‘पुरे, पुरे.’ मावशीने वाढला. तो पुन्हा ‘पुरे’ म्हणाला, तिने पुन्हा वाढला, त्याने तो मुकाट्याने खाल्ला. मग ती वांग्याची भाजी घेऊन आली. या वेळी तो काहीच बोलला नाही, पण पळी पातेल्यातून निघायच्या आत त्याचा हात ताटावर आडवा झाला होता. मावशीने पळी मागे घेतली.

बाईंनी हातातला चमचा सोडला. ‘मावशी, भाताला हे पुरे म्हणाले तरी तुम्ही वाढलात.’

‘हात कुटं आडवा आला?’

‘आणि भाजीला?’

‘त्याला वांगं आवडत न्हाई. बोलायचा न्हाई कदी.’

जावई लाजून हसला. परतताना बाई स्कूटरवरून वाऱ्यात ओरडून मला सांगत होत्या, ‘तोंड पाहुण्याचं असतं गं! हात घरचा असतो! आपण तोंडाला विचारत बसलो!’ मळवलीच्या रेल्वे फाटकापाशी थांबलेल्या लोकांनी वळून बघितलं.

पुढच्या खेपेला नेदरलँड्सचे डॉक्टर आणि फिलिपिन्सच्या केंद्रातल्या एक शास्त्रज्ञ ताई असे दोघं स्वतः आले. बाईंनी त्यांना कळवून टाकलं होतं: पत्रक नाही, पेन नाही, पंगत. वाडीच्या शाळेच्या पटांगणात पत्रावळी मांडल्या. तीन पातेल्यांना तीन रंगांची फडकी बांधली. आतला भात कोणता हे वाढणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. पातेली आधी वजन करून ठेवली होती. वाढायला कामशेतहून अनोळखी बायका आणल्या होत्या. मला बाईंनी लांब जांभळीखाली उभं केलं. ‘तू हललीस की पुन्हा पास करतील.’

गावातूनही माणसं बोलावली होती. बाईंनी सगळ्यांना मिसळून बसायला सांगितलं, तसे गावातले एक आबा घसा खाकरून पुढे आले.

‘बाई, पंगतीत कुनी कुटं बसायचं याचं आमच्याकडं शास्त्र हाय.’

‘आमच्याकडेही शास्त्रच आहे, आबा. नमुना मिसळलेला लागतो. नाहीतर सगळं फुकट.’

आबांनी एकदा त्या उंच डच पाहुण्याकडे बघितलं, एकदा बाईंच्या चमच्याकडे. मग धोतर सावरत म्हणाले, ‘तुमचं शास्त्र लय लांबनं आलंय. त्याला नाराज कशाला करायचं?’ आणि माझ्या वडिलांच्या मांडीला मांडी लावून बसले. ‘काय रं, लेक कुटंय तुजी?’ वडिलांनी जांभळीकडे बोट दाखवलं.

लाल फडक्याचं पातेलं आलं आणि घास जेमतेम पोटात गेल्यावर रांगेत हातांची आडवी ओळ पडली. भातवाढी जवळ यायच्या आत हात पत्रावळीवर. तोंडाने मात्र सगळे म्हणत होते, ‘झ्याक हाय, झ्याक हाय, पर पुरे.’ हिरवं फडकं आलं तेव्हा ‘पुरे पुरे’चा गजर झाला, पण हात सगळे आमटीत. पिवळा आधी सगळ्यांनी जरा चाखून बघितला. मग पोरांनी पत्रावळी पुढे सरकवल्या.

डच डॉक्टरांना बाईंनी ‘पुरे’ हा शब्द शिकवून ठेवला होता. त्यांनी तो उत्तम उच्चारला. कामशेतच्या वाढणारीने प्रेमाने वाढलं. ते पुन्हा ‘पुरे’ म्हणाले, आणखी वाढलं. भाताचा डोंगर झाला. त्यांनी घाबरून बाईंकडे बघितलं.

‘हात!’ बाई ओरडल्या.

त्यांनी वर्गात करतात तसा हात वर केला. सगळी पंगत हसून लोटपोट. शेजारी बसलेल्या फिलिपिन्सच्या ताईंनी मात्र केव्हाच पत्रावळीवर हात धरला होता. त्या म्हणाल्या, ‘आमच्या गावी म्हणतात, तामा ना, म्हणजे पुरे. आणि माझी मावशीसुद्धा हात दिसेपर्यंत ऐकत नाही.’

पातेली पुन्हा वजनाला लावली. लाल, म्हणजे कुबट भाताचं, जवळजवळ तसंच भरलेलं होतं. हिरवं, आपल्या नेहमीच्या भाताचं, खरवडलेलं. पिवळ्यात थोडा नवा भात उरला होता. नवा भात वाडीला आवडला होता, पण आपल्या नेहमीच्या भाताइतका नाही. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. ‘भात दोनदा बोलतो. एकदा ताटात आणि एकदा दुसऱ्या दिवशी फोडणीत.’ रात्रभर थंड जागी नीट जपून ठेवलेला उरलेला भात त्यांनी सकाळी फोडणीला टाकायला लावला. नव्या भाताचा चक्क गोळा झाला. पाहुण्यांसमोर असं झालं म्हणून मी ओशाळले, पण बाई आनंदाने चमचा वाजवत होत्या. ‘बघा, बघा! पहिल्यांदा खरं उत्तर मिळालं!’

फिलिपिन्सच्या ताई तो गोळा तपासायला घेऊन वाण सुधारण्याच्या कामाला लागल्या. चाखण्याचं काम मावळातच राहिलं. डच डॉक्टर जांभळीखाली माझ्याजवळ येऊन म्हणाले, ‘ती पत्रकं कुणी भरली ते आता मला कळलं. मला असं गाव नाही.’ प्रकल्पाच्या कार्यपद्धतीत आता रोमन अक्षरांत ‘पुरे’ हा शब्द आहे आणि त्याखाली हाताचं चित्र. बाई निवृत्त होऊन कोकणात बहिणीकडे राहायला गेल्या. फोन केला की अजून विचारतात, ‘आज काय जेवलीस? आधी वास सांग.’

पण एक राहिलं. पंगतीच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे गेल्यावर, आईने बाईंना घरी जेवायला बोलावलं. मी आईला आधीच बजावलं होतं की त्या एक चमचाच खातात, आग्रह करू नकोस. आईने बोंबील भाजला होता, या वेळी थोडा कमी.

ताट समोर आलं. बाईंनी वास घेतला. मग गळ्यातला चमचा दोऱ्यासकट डोक्यावरून काढायला लागल्या. तो चष्म्यात अडकला. मी पुढे होऊन गुंता सोडवला. त्यांनी चमचा बाजूला ठेवला आणि हाताने भात कालवला.

आई समोर बसून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. ‘बाई, आता तरी सांगा. माजी पोरगी पास का नापास?’

बाईंचं तोंड भरलेलं होतं. आई भाताचं पातेलं घेऊन पुढे झाली.

‘पुरे, पुरे,’ बाई म्हणाल्या.

आईने भातवाढी हवेत धरून त्यांच्या हाताकडे पाहिलं. हात आमटीत होता, मनगटापर्यंत. आई माझ्याकडे बघून हसली आणि तिने वाढलं.